लीलाधरभाऊंचं नेटचं रजिस्टर

दिपमालाबाईंचे दोन्ही हात वर होते, हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरलेला होता आणि तो मांडा काही केल्या खाली पडत नव्हता. म्हणजे पिंप्राळ्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात तो केव्हाच खापरावर पडून, भाजून, घडी होऊन डब्यात गेला होता. धुळ्याला त्यांच्या मुलीच्या, सोनलच्या मोबाईलवर मात्र गेली दोन मिनिटं तो हातावरच होता.

"आई, तू पुतळा झालीस," सोनल फोनवर म्हणाली. "आवाज येतोय, पण तो मागच्या मांड्याचा येतोय."

हा सोमवार होता. खरा क्लास रविवारी अकराला. सोनलनेच जुळवून आणला होता आणि तशी जाहिरातही सगळीकडे पाठवली होती : 'आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घरबसल्या शिका, खापरावरचे मांडे. शिकवणार – दिपमाला भंगाळे.' पुणे, नाशिक, सुरत मिळून अडतीस बायकांनी नावं दिली होती. एकतीस वर्षं दिपमालाबाई भाऊबंदांच्या लग्नकार्यात मांडे करत आल्या होत्या आणि दर वेळी कौतुक व्हायचं ते पुरणाचं, नाहीतर पंगतीचं. आपलं नाव कशावर तरी छापून आलेलं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. जाहिरात त्यांनी दिवसातून चार वेळा उघडून बघितली होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, "रविवारी असं झालं ना, तर मी पुन्हा या भानगडीत पडणार नाही. अडतीस बायकांसमोर हात वर करून उभं राहायचं म्हणजे काय थट्टा आहे का."

लीलाधरभाऊंना हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याच्या दुप्पट त्यांना आनंद झाला. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि या दीड वर्षात कुणी त्यांच्याकडे अडलेलं काही घेऊन आलं नव्हतं. वरून सुटतं आणि खाली पोचत नाही, ही तक्रार त्यांनी उभ्या नोकरीत ऐकली होती. आता ती तक्रार त्यांच्याच घरात, त्यांच्याच स्वयंपाकघरातून आली होती. भाऊंच्या अंगात बळ संचारलं.

त्यांनी कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं. पट्टीने रकाने आखले : दिनांक, वेळ, स्थळ, आवक, जावक, शेरा. मोबाईलवर स्पीड मोजायचं ॲप घेतलं. घराच्या फरशीवर खडूने चौदा खुणा केल्या, त्यांना नंबर दिले आणि प्रत्येक खुणेवर उभं राहून मोजणी सुरू केली. दरवाजा उघडा ठेवून एकदा, लोटून एकदा. दिपमालाबाई मध्ये उभ्या असताना एकदा आणि बाजूला झाल्यावर एकदा. "जरा सरक," असं त्या दिवशी त्यांना नऊ वेळा ऐकावं लागलं.

निष्कर्ष धक्कादायक होता. राउटर ठेवलेल्या आतल्या खोलीच्या दारात पंचेचाळीस, पुढच्या खोलीत बावीस आणि स्वयंपाकघरात तीन. भाऊंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'कालव्याच्या शेपटाकडील लाभधारकांवर अन्याय.'

ही बातमी बाहेर गेली ती खडूमुळे. शेजारचे रुपचंद आबा पेपर मागायला आले, फरशीवरच्या खुणा पाहून त्यांना वाटलं घरात वास्तुशांत-बिंत आहे. खरा प्रकार कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि ज्यातलं आपल्याला कळत नाही असा विषय त्यांना अजून भेटलेला नव्हता.

"राउटरच्या ह्या काड्या कुठं तोंड करून आहेत?" आबांनी विचारलं.

"वर आहेत."

"मंग आकाशात जाईल ना भो नेट. सोनल कुठं दिली? धुळ्याला. मंग काड्या धुळ्याकडं पाहिजेत."

लीलाधरभाऊ हसले. शिकलेला माणूस हसतो तसं हसले. मग आबा पेपर घेऊन गेल्यावर त्यांनी आतलं दार लावून घेतलं, धुळं नेमकं कुठल्या दिशेला येतं याचा अंदाज घेतला आणि दोन्ही काड्या पश्चिमेला वळवल्या. स्वयंपाकघरात तीनचे अडीच झाले. ही नोंद मात्र त्यांनी पेन्सिलने केली.

मंगळवारी त्यांनी ठरवलं, मुळात धरणातूनच जास्त सोडायला लावायचं. म्हणजे पन्नासचा प्लॅन बदलून दोनशेचा घ्यायचा. हे काम ॲपवर दोन मिनिटांचं आहे असं ॲपच सांगत होतं. पण कनेक्शन होतं निंबाच्या नावावर. निंबा हा त्यांचा जुना भाडेकरू. त्याने कनेक्शन घेतलं, वर्षभर वापरलं आणि धरणगावला शेती बघायला परत जाताना 'राहू द्या भाऊ, चालू शे' म्हणून तसंच ठेवून गेला. पैसे भाऊ भरायचे, त्यामुळे आजवर काही अडलं नव्हतं. आता प्लॅन बदलायचा तर ओटीपी निंबाच्या मोबाईलवर जाणार होता, आणि तो तीन मिनिटांत टाकायचा होता.

"भाऊ, आठे रेंज नही शे," पलीकडून तुटक तुटक आवाज आला. "मी बाजरीले पानी भरी ऱ्हायनू. थांबा, ट्रॅक्टरवर चढस."

निंबा ट्रॅक्टरवर चढला तोपर्यंत पहिला ओटीपी बाद झाला. दुसरा आला तेव्हा त्याने चार आकडे नीट सांगितले आणि पाचव्याला आवाज गेला. तिसऱ्या वेळी तो ट्रॅक्टरच्या टपावर उभा राहून ओरडून सांगू लागला आणि लीलाधरभाऊ इकडे ओरडून परत म्हणू लागले. या वेळी सगळा आकडा बरोबर आला. शेवटी निंबाने विचारलं, "भाऊ, पन हाई काय काम शे? कोनी फसाडं तर नही ना तुमले?" भाऊंनी त्याला मांड्यांची हकिगत सांगायला सुरुवात केली, पण रेंज गेली.

दोनशेचा प्लॅन सुरू झाला. राउटरच्या दारात एकशेऐंशी आलं. भाऊ तसेच मोबाईल समोर धरून, धावत स्वयंपाकघरात गेले. तीन.

"वाढलं का?" दिपमालाबाईंनी विचारलं.

"वर वाढलं," भाऊ म्हणाले.

बुधवारी तक्रार नोंदवली आणि कंपनीचा माणूस आला. रोहिदास, चाळिशीचा, नाकावर चष्मा, खांद्याला वायरींचं भेंडोळं. त्याने रजिस्टरकडे एकदा बघितलं आणि घरात असा हिशोब ठेवणारं गिऱ्हाईक आपण पहिल्यांदा पाहतोय हे चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तो सरळ आतल्या खोलीत गेला आणि तिथेच थांबला.

राउटर गव्हाच्या कोठीमागे होता. पुरुषभर उंचीची लोखंडी कोठी, नुकताच वर्षाचा गहू भरलेला. तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फळीवर राउटर, आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर दिपमालाबाईंनी विणलेला रुमाल. खोलीच्या दुसऱ्या बाजूला, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, टाकी भरून चालू असलेला पत्र्याचा कूलर.

"काका, प्लॅनचा काही दोष नाही," रोहिदास म्हणाला. "तुमच्यापर्यंत दोनशे येतंच आहे. पण वायफायला लोखंड चालत नाही आणि पाणीही चालत नाही. भिंतीतनं थोडंफार जातं. तुम्ही त्याच्यासमोर आधी पाच क्विंटल गव्हाची कोठी उभी केली, वरून शंभर लिटर पाण्याची टाकी."

"म्हणजे धरण भरलंय, पण चारीच्या तोंडाशी बांध घातलाय," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे चमकले.

"तसंच समजा. आणि काकूंना बघायचं नाही, दाखवायचं आहे ना? मग तुमचा तो जावकचा रकाना बघा. लोक येणारंच मोजतात. शिवाय लाइन एकच असते. घरात जेवढे वापरणारे, तेवढे वाटेकरी."

भाऊंनी हे सगळं उभ्या उभ्या लिहून घेतलं. तीन खात्यांचे साहेब त्यांनी पाहिले होते, पण इतकं स्वच्छ कुणी बोललं नव्हतं. रोहिदासने राउटर पुढच्या खोलीत उंचावर लावला, कूलर दुसऱ्या खिडकीला सरकवला, काड्या पश्चिमेला का आहेत ते विचारलं नाही आणि त्या सरळ केल्या. स्वयंपाकघरात पंच्याऐंशी आलं. लीलाधरभाऊंनी चौदाच्या चौदा खुणांवर फिरून खात्री केली आणि रुपचंद आबांना खास बोलावून सहा नंबरच्या खुणेवर उभं केलं. आबांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, जागा बदला." त्या आनंदात भाऊंनी तेही चालवून घेतलं.

गुरुवारी सोनलबरोबर पुन्हा तालीम. या वेळी काही कमी पडू द्यायचं नाही म्हणून भाऊ स्वतः पुढच्या खोलीत राउटरखाली बसले, रजिस्टर मांडीवर, मोबाईल हातात, दर पाच मिनिटांनी मोजणी. पाण्याचं आवर्तन सुटलं की कालव्यावर बसायचं, ही त्यांची जुनी शिस्त.

दिपमालाबाई पुन्हा पुतळा झाल्या. आधीसारख्या कायमच्या नाही. व्हायच्या, अर्ध्या मिनिटाने हलायच्या, पुन्हा व्हायच्या.

शुक्रवारी रोहिदास परत आला. त्याने सोनलला व्हिडिओ लावला, भाऊ त्याच्यासाठी चहा घेऊन उभे राहिले, तिघांनी मिळून वीस मिनिटं बघितलं. एकदाही अडकलं नाही. रोहिदास गेला. भाऊ जागेवर जाऊन बसले, मोजणी सुरू केली आणि पुन्हा अडकलं. तोवर त्यांच्या मोबाईलवर कंपनीचा निरोप आला होता : 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे. समाधानी ग्राहक झाल्याबद्दल अभिनंदन.'

हे अभिनंदन भाऊंच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावून आपण समाधानी नसल्याचं कळवलं. पलीकडच्या बाईंनी त्यांना राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. भाऊंनी रजिस्टरमधल्या नोंदी तारीखवार वाचायला घेतल्या. बुधवारच्या दुपारपर्यंत आल्यावर बाईंनी फोन वरच्या साहेबांकडे दिला, वरच्या साहेबांनी संगीताकडे दिला, आणि संगीत अकरा मिनिटं चाललं.

शनिवारी रोहिदास तिसऱ्यांदा आला. माणूस भला होता. "काका, मी असताना सगळं चालतं, मी गेलो की अडकतं. आता हवेवर भरोसाच नको," असं म्हणून त्याने राउटरपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीच्या कडेने वायर टाकली आणि ती थेट क्लाससाठी मांडलेल्या लॅपटॉपला जोडली. कोठी नाही, कूलर नाही, भिंत नाही. तो असताना पुन्हा सगळं लोण्यासारखं चाललं. तो गेला, भाऊ मोजायला बसले आणि सोनल धुळ्याहून म्हणाली, "आई, गेलीस तू."

दिपमालाबाईंनी भिजवलेलं पीठ झाकून ठेवलं आणि जाहिरात न बघताच आडव्या झाल्या. लीलाधरभाऊंना पहिल्यांदा या कामात मजा वाटेनाशी झाली. बायकोचं एवढं एकच काम आपल्याकडे आलं आणि तेही आपल्याच्याने निभत नाही, हे त्यांच्या मनात घर करून बसलं.

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना स्वयंपाकघरात खापर तापलेलं होतं, लॅपटॉपवर अडतीस चौकोन भरले होते आणि दिपमालाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांना नमस्कार करत होत्या. पुढच्या खोलीत लीलाधरभाऊ दोन पेनं घेऊन बसले होते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी भाऊंनी मोजणी केली. आवक एकशेऐंशी, जावक एकशेसत्तर. उत्तम. आतून दिपमालाबाईंचा आवाज आला, "हॅलो, दिसतंय का? ताई, मी दिसतेय का?"

अकरा दहाला त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा उत्तम. आतून पुन्हा, "थांबलं का? कुठपर्यंत दिसलं? पुरण भरलेलं दिसलं का?"

फोन वाजला. सोनल होती. क्लासवर लक्ष ठेवायला ती धुळ्याहून बसली होती. "आप्पा, दोनदा अडकलं. अकरा पाचला आणि अकरा दहाला. दोन बायका बाहेर पडल्या. आत्ता ठीक आहे, पण आईचा चेहरा बघवत नाही. काहीतरी करा ना."

"थांब, माझ्याकडे नोंद आहे," भाऊ म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं.

नोंद होती. अकरा पाच. अकरा दहा. त्यांच्याच अक्षरात, शाई अजून ओली. त्यांनी पान मागे उलटलं. गुरुवार, चार पाच, चार दहा, चार पंधरा. आणि शेजारी त्यांनीच नमूद केलेलं, 'चित्र थांबले', 'चित्र थांबले', 'चित्र थांबले'. शुक्रवारी रोहिदास असतानाची वीस मिनिटं कोरी, कारण तेव्हा हातात चहा होता.

एकतीस वर्षं भाऊंनी कालव्याच्या मोजपट्ट्या वाचल्या होत्या. मोजपट्टी दिवसातून शंभर वेळा वाचली तरी कालव्यातलं पाणी थेंबानेही कमी होत नाही. पण हे ॲप मोजपट्टी वाचतच नव्हतं. लाइनमधून किती जातं हे बघायला ते सगळी लाइन स्वतःकडे ओढत होतं, आणि तेवढा वेळ बाकीचे वाटेकरी कोरडे. आणि या घरात वाटेकरी म्हणजे एकच होती.

"आप्पा, कळलं का काही?" सोनलने विचारलं.

"बघतो," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

अकरा पंधरा झाले. भाऊंनी मोबाईल टेबलावर पालथा घातला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. आतून दिपमालाबाई न थांबता बोलत होत्या : कणीक कितपत सैल, तेल कधी लावायचं, कडा कशा दाबायच्या. अकरा वीसला पाठांतर म्हटल्यासारखा स्वच्छ आवाज चालू होता. कुणी 'दिसतंय का' विचारलं नाही. भाऊंनी पेन उचललं. खोटी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती. दुष्काळाच्या वर्षी मोठमोठ्यांचे फोन आले तेव्हाही नाही. त्यांनी मागच्या सगळ्या नोंदींसमोर एकेक करून शेरा लिहिला : 'कारण – मोजणी.' मग जरा थांबून तो खोडला आणि लिहिलं, 'कारण – मोजणारा.'

आता काही न करणं एवढंच काम उरलं होतं, आणि ते त्यांना जमेना. चित्र खरंच नीट जातंय की फक्त तसं वाटतंय? एकदाच बघायला काय हरकत आहे, शेवटचं एकदा? अकरा पंचविसाला आपलं बोट ॲपवर पोचलंय हे त्यांना बोट पोचल्यावर कळलं. त्यांनी मोबाईल खिशात टाकला, वायर ओलांडली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काही करू का?" त्यांनी हळूच विचारलं.

दिपमालाबाईंनी कॅमेऱ्यावरची नजर हलवली नाही. "हात धुऊन या आणि हे पीठ तिंबा."

ओली सैल कणीक. भाऊंनी दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत घातले आणि तिंबायला लागले. कणीक हाताला चिकटली, बोटांच्या बेचक्यांत शिरली. खिशात मोबाईल थरथरला. काढायची सोयच नव्हती. त्यांच्याशेजारी दिपमालाबाईंनी हात वर केले, मांडा एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत वाढवत नेला, बोटांपासून कोपरापर्यंत, पातळ, आरपार दिसणारा. आणि अलगद खापरावर सोडला. तो पडला. पुण्यात पडला, नाशकात पडला, सुरतेला पडला. छत्तीस चौकोनांतून एकदम 'अय्या' असा आवाज आला. लीलाधरभाऊंना आयुष्यात कधी झाला नव्हता इतका आनंद झाला आणि टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते.

पुढची पन्नास मिनिटं काही अडकलं नाही. बाहेर पडलेल्या दोघीही परत आल्या. बायकांनी प्रश्न विचारले, दिपमालाबाईंनी मांडा तीनदा करून दाखवला, एकदा सगळ्या हसल्या आणि दिपमालाबाई सगळ्यांत जास्त हसल्या. शेवटी सुरतेच्या एक बाई म्हणाल्या, "ताई, सुरुवातीला तुमचं चित्र सारखं थांबत होतं, मग एकदम मस्त झालं. आमच्याकडे तर रोजचीच बोंब आहे. काय केलंत तुम्ही?"

"मला काय माहीत," दिपमालाबाई म्हणाल्या. "हे आमचे मिस्टर. नेटचं सगळं हेच बघतात. यांना विचारा."

अडतीस बायका लीलाधरभाऊंकडे बघू लागल्या. एका कोपऱ्यात सोनलही बघत होती. भाऊंकडे कोठी होती, कूलर होता, दोनशेचा प्लॅन होता, वायर होती. तासभर बोलता येईल एवढा मसाला होता. त्यांनी परातीतले हात बघितले.

"काहीच केलं नाही," ते म्हणाले.

"किती साधा माणूस आहे," नाशिकच्या बाई म्हणाल्या, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दिपमालाबाईंनी मान डोलावली नाही. त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. ते दारात येऊन उभे राहिल्यापासून काय काय थांबलं होतं आणि काय काय चालू झालं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी भाऊंच्या कपाळावरचं पीठ पदराने पुसलं, कणकेची दुसरी परात त्यांच्यापुढे सरकवली आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्या. मी आहेच. आणि तासभर पीठ तिंबायला हेही इथेच असतील."